ताज्या अंकाबद्दल आमचे मत

ताज्या अंकाबद्दल मत देणाऱ्यानं अंक वाचलेलाच असला पाहिजे, अशी अट कुठल्याही कायद्यात नाही. असती, तर दिवाळीनंतरचे दोन महिने महाराष्ट्रात कमालीची शांतता नांदली असती. अंक चाळायचा, अनुक्रमणिकेत ओळखीचं नाव आहे का ते बघायचं, नसलं की "यंदा अंक पडला" म्हणायचं आणि लायब्ररीत परत करायचा, ही आपली शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून या प्रकाराला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी कुणीतरी "पहिल्याची सर नाही" असं नक्की म्हटलं असणार.

आमच्या भिवंडीच्या घरात हा हंगाम बारमाही चालतो, कारण आमच्याकडे 'टिंकल' येतं. वर्गणी माझ्या मुलीच्या नावावर आहे. ती चौथीत, इंग्रजी माध्यमात. घरातली बाकीची मंडळी वयानं चौथीच्या बरीच पुढे गेलेली आहेत, आणि अंक लहान मुलांचा असल्यामुळे त्यावर बोलायचा अधिकार आपल्याला जास्त आहे, अशी प्रत्येकाची खात्री आहे.

ज्यांच्या घरी हे येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'टिंकल' नोव्हेंबर १९८० मध्ये मुंबईत सुरू झालं. तेव्हाचे संपादक अनंत पै, म्हणजे १९६७ साली 'अमर चित्र कथा' काढणारे, मुलांच्या पत्रांना 'अंकल पै' म्हणून उत्तर देणारे. एका नायकाची एक लांबलचक गोष्ट, असा हा मामला नाही. ही एक चाळ आहे. पहिल्या खोलीत सुप्पंडी, शेजारी शिकारी शंभू आणि त्याची बायको शांती, पलीकडे राजा हुजाचा काटा काढायला टपलेला तंत्री मंत्री, झाडावर कालिया कावळा, आणि मधल्या गॅलरीत कोडी, विज्ञान, स्पर्धा आणि वाचकांची पत्रं.

असल्या अंकाचं परीक्षण अवघड असतं. कादंबरी आवडते किंवा आवडत नाही. इथे शंभू झकास, तंत्री ठीक, कालिया नेहमीचा आणि कोडं सुटलं नाही, तर एकूण अंक कसा? याची सरासरी काढायला बसावं लागेल. आमच्याकडे कुणी बसत नाही. प्रत्येक जण आपलं एक पान बघतो आणि निकाल सबंध अंकाचा लावतो.

पहिला निकाल भाच्याचा, कारण पाकीट तो उघडतो. तो माणकोलीच्या बाजूला एका अवाढव्य गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. एकेकाळी भिवंडी म्हणजे लूम, एवढीच ओळख होती. आता काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे असं करत गोदामं पसरली आणि मुंबईकरांनी मोबाइलवर बोट टेकवलं की धावपळ आमच्या पोरांची होते. त्यामुळे भाचा छापील मजकूर वाचतो तो फक्त पाकिटावरचा. बारकोड बघतो, चिकटपट्टी बघतो, आणि मोबाइलवर पाकिटाचा प्रवास वाचून दाखवतो. भिवंडीत आलं, भिवंडीतून निघालं, ठाण्यात पोचलं, ठाण्यातून निघालं, परत भिवंडीत आलं. आमच्या घरापासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर आलेली वस्तू घरात शिरण्याआधी जिल्हा बघून येते.

"कोपरा दबलाय," तो म्हणतो. "आमच्याकडे असता तर डॅमेजमध्ये गेला असता."

"अरे, पण अंक कसा आहे?"

"मामा, आम्ही आतलं बघत नाही. सील तोडलं की जबाबदारी आपली."

बरेच नामवंत परीक्षक हेच धोरण पाळतात. भाचा निदान तसं सांगतो तरी.

दुसरा निकाल शेजारच्या चाचांचा. चाचांचे आजोबा आजमगढकडून आले आणि हातमाग चालवता चालवता लूमवर गेले. चाचांचा जन्म लूमच्या खडखडाटातला. वीज गेली आणि शेड गप्प झाली की ते झोपेतून दचकून उठतात. आयुष्यभर त्यांनी ग्रे कापड तपासलं. ताका टेबलावर टाकायचा, दोन हात उलगडायचा, उजेडासमोर धरायचा, चिमटीत चुरून बघायचा आणि "पीक कमी बसलंय", म्हणजे आडवे धागे विरळ, असं म्हणून सुस्कारा सोडायचा. माल उत्तम असला तर सुस्कारा जास्त लांब, कारण उत्तम मालाचा भाव पाडणं कठीण जातं. या शिक्षणामुळे त्यांच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी ते आधी कागद चिमटीत धरतात. मुलगी कुणाची आणि निकाह कधी, हे मागाहून.

टिंकलचंही तेच होतं. चाचा अंक उजेडाकडे धरतात, मागची छपाई पुढे दिसते का ते बघतात, पानं मोजतात, किंमत बघतात आणि एका पानाला काय पडलं ते सांगतात. मग शब्दकोड्यावर येऊन थांबतात.

"ये देखो. खाली डब्बे! आधा माल हम भरेंगे, और पैसा भी हम देंगे?"

एवढं बोलून ते अंक परत करतील, अशी अपेक्षा असते. ते उंबरठ्यावर बसतात. तिकडे जॉबर हाका मारत असतो, बीम संपलेलं असतं, सायझिंगवाल्याचा फोन येत असतो. चाचा हात वर करून सगळ्यांना थांबवतात. "छपाई देख रहा हूँ." छपाई बघताना त्यांचे खांदे हलत असतात. लहानपणी त्यांच्याकडे दिल्लीहून 'खिलौना' हे उर्दू मासिक यायचं. ते बंद पडलं तेव्हापासून आपण काही वाचलेलंच नाही, असं ते सांगतात. मुल्ला नसरुद्दीन टिंकलमध्ये बघून ते पहिल्यांदा गप्प झाले होते. मग म्हणाले, "ये तो हमारा आदमी है. इसको कितना देते हैं?"

तिसरा निकाल वहिनींचा. वहिनी प्राथमिक शाळेत शिकवतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्या शेवटाकडून वाचतात. शेवटी बोध असतो, आणि बोध आधी कळला म्हणजे गोष्ट वाचायचे कष्ट वाचतात. त्यांच्या मते मुलांचं मासिक म्हणजे 'किशोर'. बालभारतीनं १९७१ मध्ये सुरू केलेलं, परवडणारं, स्वच्छ, आणि घरी आलेल्या पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवता येईल असं. टिंकलवर त्यांचा आक्षेप चारित्र्याचा आहे.

"या सुप्पंडीला जे सांगाल ते तो शब्दशः करतो आणि सगळ्याचा विचका होतो. मुलांनी यातून घ्यायचं काय?"

हा आक्षेप त्या नेटानं मांडत होत्या. मग एके दिवशी त्यांच्या शाळेत वरून एक परिपत्रक आलं. त्यात जे लिहिलं होतं ते त्यांनी शब्दशः केलं. तेव्हापासून सुप्पंडीबद्दलची भाषा मवाळ झाली आहे. त्याचा मालकच नीट सांगत नाही, असं त्या हल्ली म्हणतात.

शंभूबद्दल मात्र त्या ठाम आहेत. शंभू जातीचा भित्रा. वाघ दिसला की पळतो. पळता पळता झाडावर चढतो, फांदी मोडते, फांदी वाघावर पडते, वाघ पकडला जातो आणि गाव शंभूला खांद्यावर घेतं. "न केलेल्या कामाचा सत्कार!" वहिनी संतापून म्हणतात. "असं कुठे असतं का?"

"कल्याण नाक्यावरचे बॅनर वाचलेस का?" आतून माझ्या थोरल्या काकांचा, तात्यांचा, आवाज येतो. पावसाळा संपला की रस्त्यातले खड्डे आपोआप कोरडे पडतात, आणि त्याबद्दलही आमच्याकडे कुणाचं तरी हार्दिक अभिनंदन झालेलं असतं.

चौथा निकाल माझ्या थोरल्या भावाचा, आणि तो फक्त दोन शब्दांचा. "वेताळ नाही."

दादा इंद्रजाल कॉमिक्सवर वाढला. ती मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी सुरू केली. पहिला अंक साठ पैशांना होता, आणि १९९० मध्ये ती बंद पडली. ली फॉकनं १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला फँटम मराठीत आला तो महाबली वेताळ होऊन. त्याच्या मूळ देशाचं नाव आपल्या बंगालशी फार जवळचं वाटत होतं, म्हणून इंद्रजालनं त्याला डेंकालीत हलवलं. आमच्या घरात मात्र त्या काळी वेताळ तीन होते. एक गावाच्या वेशीवरचा, ज्याला नारळ द्यायचा. दुसरा चांदोबातला, झाडाला लटकणारा. तिसरा दादाचा, घट्ट कपडे घालून पांढऱ्या घोड्यावरून फिरणारा. आजी तिघांनाही एकच समजून मनोभावे हात जोडायची आणि तिसऱ्याला अंगभर धोतर मिळो म्हणून प्रार्थना करायची. "वेताळ नाही" हा दादाचा अभिप्राय टिंकललाच लागू आहे असं नाही. तो एकदा मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाबद्दलही हेच म्हणाला होता.

पाचवा आणि सर्वांत सविस्तर निकाल तात्यांचा. वय सत्त्याहत्तर. ते टिंकलच्या ताज्या अंकाची तुलना टिंकलच्या मागच्या अंकाशी करत नाहीत. ती ते 'चांदोबा'शी करतात.

"आमच्या वेळी चांदोबा होता" या वाक्यानं ते सुरुवात करतात, आणि मग अंक मिटून चष्म्याच्या घरावर ठेवतात. तात्यांच्या मते चांदोबात सगळं होतं. राजे होते, राक्षस होते, धूर्त न्हावी होते, आणि 'फोटो नावे' स्पर्धा होती. दोन छायाचित्रं छापायची आणि त्यांना शोभतील अशा जोडओळी वाचकांनी पाठवायच्या. तात्यांनी शाळेत असताना कित्येक पोस्टकार्डं खर्ची घातली. त्यांच्या ओळी काळाच्या पुढे असल्यामुळे बक्षीस प्रत्येक वेळी काळाच्या बरोबर चालणाऱ्या माणसाला मिळालं.

"आणि तुमचं हे टिंकल! तेच तेच. सुप्पंडी घोळ घालणार, शंभू पळणार, कालिया त्या कोल्ह्याला फसवणार, तंत्रीचा डाव तंत्रीवर उलटणार. अंक यायच्या आधीच मी सांगतो काय असेल ते."

तात्यांचं म्हणणं खोटं नाही. चमटका कोल्हा आणि डूबडूब मगर इतकी वर्षं कीचू-मीचू या सशांच्या मागे आहेत, पण त्यांना अजून घासभरही ससा मिळालेला नाही. मात्र तेच तेच म्हणून नाक मुरडायचा अधिकार चांदोबाच्या वाचकाला कितपत आहे? मूळ संस्कृत वेताळपंचविशीत गोष्टी पंचवीस. चांदोबातल्या विक्रमाला त्या पुरल्या नाहीत. तो दशकानुदशकं दर महिन्याला त्याच झाडावर चढला, तेच प्रेत खांद्यावर घेतलं, वेताळानं गोष्ट सांगितली, प्रश्न विचारला, हा बोलला आणि वेताळ उडाला. आपण गप्प बसलो तर काम होईल, एवढं साधं त्या राजाच्या लक्षात आलं नाही. तरी तात्या दर महिन्याला पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसत. विक्रम या महिन्यात तोंड मिटून चालत स्मशानात पोचला असता, तर तात्यांनीच वर्गणी परत मागितली असती.

हे मी बोललो नाही. थोरल्या काकांशी असं बोलत नाहीत. ते काम अण्णांनी केलं.

अण्णा पद्मानगरचे. पद्मानगर म्हणजे आमच्या गावातलं तेलंगण. पद्मशाली विणकरांच्या पिढ्या तिथे नांदल्या. अण्णा भिवंडीतच जन्मले, मराठी आमच्याहून स्वच्छ बोलतात, आणि संध्याकाळी तात्यांबरोबर चहा घ्यायला येतात. तात्या त्या दिवशी चांदोबाचं मराठीपण समजावून सांगत होते. अस्सल मराठी मातीतली मासिकं कशी असतात, वगैरे. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"तात्या, 'चंदमामा' आमचा."

"म्हणजे?"

"म्हणजे तेलुगू. जुलै १९४७. तेलुगू आणि तमिळ एकदम निघालं, मद्रासला. नागी रेड्डी आणि चक्रपाणी. तुमचा मराठी चांदोबा १९५२ चा. पाच वर्षं आम्ही वाचून झाल्यावर तुम्हाला दिला."

तात्यांचा चेहरा प्रेत उडून गेल्यावर विक्रमाचा होत असेल तसा झाला. अण्णा थांबले नाहीत. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला तो विक्रम काढणारे शंकर तमिळ होते, १९५२ पासून चंदमामात चित्रं काढत होते आणि २०२० मध्ये वारले, हेही त्यांनी सांगून टाकलं. तात्या साठ-सत्तर वर्षं ज्या राजाला साताऱ्याकडचा समजत होते, तो मद्रासच्या वडपळणीतून निघालेला होता.

चाचा इतका वेळ कडेला बसून तटस्थपणे बिस्किट बुडवत होते. "ये नागी रेड्डी कौन? 'राम और श्याम' वाला?"

"तोच," अण्णा म्हणाले. १९६७ चा 'राम और श्याम' बी. नागी रेड्डींचाच.

चाचा उभे राहिले. ज्या माणसानं दिलीपकुमार एका तिकिटात दोन दिले, त्याच्या मासिकाबद्दल आजवर आपण एक शब्द चांगला बोललो नाही, याचं त्यांना दुःख झालं. चांदोबा एकदम चांगलं मासिक ठरलं. जुना एखादा अंक मिळेल का, अशी चौकशीही झाली. काही मत बदलायला एक अंक वाचावा लागतो. चाचांना एक सिनेमा आठवला तेवढं पुरलं.

तात्या दोन दिवस बोलले नाहीत. घरात इतकी शांतता आम्हाला सोसेना. मग मी त्यांच्यापुढे टिंकल ठेवलं आणि शंभूच्या पानावर बोट ठेवलं. शंभूचे डोळे कधी कुणी बघितलेले नाहीत. टोपी कायम नाकापर्यंत आलेली. हा शंभू १९८३ मध्ये लुईस फर्नांडिस यांनी लिहिला, आणि ही टोपी ज्यांनी अशी काढली ते वसंत हळबे.

"हळबे?" तात्या म्हणाले.

"हळबे. आणि कालिया कावळा काढला प्रदीप साठे यांनी."

"साठे?"

"आणि हा सुप्पंडी, टोकदार डोक्याचा, काढला राम वाईरकरांनी. अमर चित्र कथेतला कृष्णसुद्धा त्यांचाच. पुढे सुप्पंडी त्यांच्या मुलीनं, अर्चना आंबेरकरांनी काढला."

तात्यांनी चष्मा पुसला. हळबे, साठे, वाईरकर. ही पंगत त्यांच्या ओळखीची होती. ज्याला ते इतकी वर्षं "ते इंग्रजी चोपडं" म्हणत होते, त्यातली रेघ मराठी निघाली. आणि ज्याला मराठी समजत होते त्यातला राजा मद्रासचा निघाला. असा हिशेब एका आठवड्यात जुळवायचा म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी जिवाला त्रासच. पण तात्या खंबीर आहेत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तरीच. शंभूची धाव मला पहिल्यापासून ओळखीची वाटायची."

दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी अण्णांवर चाल केली. अण्णांनी शांतपणे सुप्पंडी मागितला. १९८३ मध्ये सुप्पंडीच्या पहिल्या गोष्टी पाठवणारा टिंकलचा वाचक पी. वरदराजन हा तिरुचिरापल्लीचा. म्हणजे माणूस आमच्या बाजूचा, असं अण्णा म्हणाले. तो तमिळ, तुम्ही तेलुगू, असं तात्या म्हणाले. नसरुद्दीनबद्दल कुणीच काही बोलत नाही, असं चाचा म्हणाले. दादानं वर न बघता विचारलं की इंद्रजालच्या सुरुवातीलाही टाइम्समध्ये हेच अनंत पै होते ना? होते. मग वेताळ न घेता त्यांनी शंभू का घेतला, याचं उत्तर त्याला कुणी देऊ शकलं नाही. पै स्वतः कर्नाटकातल्या कार्कळचे, हे कुणीतरी काढलं, तेव्हा वहिनींनी भारताचा नकाशा आणू का, असं विचारलं.

माझी मुलगी आली, तिनं या सगळ्यांच्या मधून अंक उचलला आणि विंगस्टार उघडली. ही टिंकलमध्ये २०१५ साली आलेली नायिका. नाव मापुई कॉलिम, राहणार ऐझॉल, मिझोराम. शाळेत जाते आणि उरलेल्या वेळात शहर वाचवते.

"ही कुणाची?" तात्यांनी विचारलं.

"हिची हीच," मुलगी म्हणाली आणि आत गेली.

या नव्या पात्रांवरून आणि जुन्यांतल्या बदलांवरून घरात नवा तंटा आहे. जुनं बदललं की वाचक चिडतो. शंभूचंच घ्या. पूर्वी त्याच्या खांद्यावर बंदूक असायची. मग प्राणी मारण्यापेक्षा वाचवण्याचे दिवस आले, आणि शंभूची बंदूक सुटली. तात्या हळहळले. बंदुकीशिवाय शिकारी कसला? वहिनींनी मात्र हा निर्णय उचलून धरला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि शंभूचा जन्म १९८३ चा. म्हणजे हा शिकारी जन्मापासूनच बेकायदेशीर होता, असं त्यांनी सप्रमाण मांडलं. चाचांचा प्रश्न वेगळा होता. ज्या माणसानं कधी नेम धरून गोळी झाडली नाही, त्याच्याकडे बंदूक असली काय आणि नसली काय, वाघाला फरक काय पडला?

एवढी मतं साठली म्हटल्यावर संपादकांना पत्र पाठवायचं ठरलं. लेखनिक अर्थातच मी. पाच तज्ज्ञांचं एकमत ज्या मजकुरावर झालं, तो असा:

"स. न. वि. वि. आपला ताजा अंक मिळाला. कोपरा दबला होता, पण ते भिवंडीत आल्यावर झालं असावं. कागद चांगला आहे, त्यामानानं किंमत जास्त नाही, तरी कमी करावी. शब्दकोडी भरलेली द्यावीत. सुप्पंडीच्या गोष्टीत बोध असावा, मात्र त्यामुळे गोष्ट बिघडणार नाही याची खबरदारी घ्यावी. शंभूला बंदूक परत द्यावी, परंतु ती चालवायला देऊ नये. तंत्रीला एकदा तरी यश मिळावं, मात्र राजा हुजाला काही होऊ नये. नवी पात्रं जरूर आणावीत, पण जुन्यांच्या पानांतून नव्हे. नसरुद्दीनला जास्त जागा द्यावी. वेताळ असल्यास बघावं. आपले पूर्वीचे अंक अधिक चांगले होते. तसेच अंक, पण नवे, काढावेत."

पत्र वाचून दाखवल्यावर सगळे प्रसन्न झाले. प्रत्येकाला त्यातलं एक वाक्य पटलं होतं आणि बाकीची अनावश्यक वाटत होती.

माझी मात्र पंचाईत झाली. वर्गणी त्याच आठवड्यात संपत होती. एवढ्या त्रुटी असलेला अंक पुढे चालू ठेवणं मला जरा विसंगत वाटलं. मी सरळ विचारलं, "मग बंद करू या का?"

पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकं सगळे गप्प झाले.

"बंद?" तात्या म्हणाले. "बंद कुणी म्हटलं?"

"अहो, पण कागदापासून बोधापर्यंत तुम्ही सगळ्यांनी..."

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं मार्केटात उभा राहिलेला हात. "बेटा, जो माल लेनाच नहीं, उसमें ऐब कौन निकालता है? मला माल नको असेल ना, तर मी म्हणतो, फार छान आहे, चहा घ्या, खुदा हाफिज."

हे ऐकल्यावर मला एकदम आठवलं की दारावर येणाऱ्या इतर कुठल्याही छापील वस्तूबद्दल आमच्या घरात कधीच वाद झालेला नाही. आरोग्यविषयक एक मासिक वर्षभर फुकट यायचं. सगळे म्हणायचे, छान असतं. ते आम्ही कपाटात अंथरायचो.

वर्गणी भरायला बसलो. एका वर्षाची, दोन वर्षांची की तीन, यावर तज्ज्ञांनी चिमटीत कागद धरून हिशेब केला. तीन वर्षांच्या वर्गणीत दर अंकामागे स्वस्त पडतं, असं चाचा म्हणाले. तीन वर्षांत मुलगी मोठी होईल, असं वहिनी म्हणाल्या. मग काय झालं, असं चौघांनी एकदम विचारलं.

तात्यांनी एक अट घातली. या खेपेला वर्गणी त्यांच्या नावावर हवी, म्हणजे पाकीट भाच्यानं उघडायचं आणि आधी चाचांनी वाचायचं, हा अनागोंदी कारभार थांबेल. मी नाव लिहिलं. पुढचा रकाना वाचकाच्या वयाचा होता. तिथे नऊ लिहावं की सत्त्याहत्तर, हे न कळून मी पेन उचलून धरलं.

"खरं तेच लिही," तात्या म्हणाले. "ज्येष्ठांना सवलत असेल."